फोनमधली तेरवी

गोंदियात शिकणाऱ्या लेकीने, रिंकीने घरी नवा फोन आणून दिला, त्याच संध्याकाळी उदारामने केशोरी गावातल्या पानठेल्यावर जाहीर करून टाकलं, "अरे, चाळीस वर्षं बैल वळवले मी! हा इतकुसा फोन काय चीज हाय?"

फोन नवराबायकोत एकच. सकाळी तो सुमित्राबाईकडे असायचा. पोरीशी बोलत असेल, एवढंच उदारामला ठाऊक. दुपारी तो मात्र मालकाचा!

पानठेलेवाल्या कवडूने धडाही एकच दिला. "काकाजी, पयलं अक्षर लिवा. बाकीचं नेट स्वतःच वळखते. त्याले सारं माईत रायते."

भर दुपार. सुमित्राबाई शेजारी गेलेली, घरात चिटपाखरू नाही. इटियाडोह धरणाच्या नहराला पाणी कधी सुटणार ते पाहावं म्हणून उदारामने चष्मा पुसला आणि 'न' लिहिला. खाली आपोआप ओळ उमटली : नवरा मेल्यावर सातबाऱ्यावरून नाव कसे काढावे.

उदाराम हसला. यंत्रच ते, चुकत असेल! धानावरच्या तुडतुड्यासाठी त्याने 'त' लिहिला.

तेरवीला शंभर माणसांना तांदूळ किती.

हसू ओठावरच वाळलं. मावा किडीसाठी त्याने 'म' लिहिला.

मेलेल्या माणसाचे कपडे कोणाला द्यावे.

तेवढ्यात लाइन गेली. पंखा हळूहळू थांबला आणि घर अगदी गप्प झालं, तरी उदारामला स्वतःचा श्वास ऐकू येईना! आहे की गेला? त्याने नाकापुढे हात धरून पाहिला. रिंकीचं लग्न पाहायचं राहिलं, या विचाराने त्याला भडभडून आलं.

तो फोन घेऊन धावत पानठेल्यावर गेला. कवडूने स्वतः 'न' लिहून पाहिला. पुन्हा तेच! कवडूचा चेहरा उतरला.

"काकाजी, नेट झूट नाई बोलत." त्याने पान लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. कवडूने जन्मात कुणाला फुकट पान दिलं नव्हतं! उदारामची उरलीसुरली आशा तिथेच संपली.

घरी येऊन पाहतो, तर अंगणात तांदळाची रास आणि सुमित्राबाई शांतपणे पाखडत बसलेली. "काऊन जी, एवढा पुरन का शंभर माणसाले?"

उदाराम मटकन खाली बसला. "सुमित्रा, तुलेबी माईत होतं?" त्याने फोन पुढे केला.

तिने ओळी पाहिल्या. "हे तं मीच सकाळी बोलून शोधलं! तेच हा पुन्ना दाखवते. शेजारच्या वच्छलाबाईले वाचता येत नाई, म्हनून. परवा तिच्या नवऱ्याची, बिसरामभाऊची तेरवी हाय ना! खांदा तं तुमीच देल्ला!"

उदारामच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तो म्हणाला, "म्हंजे माह्यासाठी नाई शोधलं?"

"तुमच्यासाठी कायले शोधू जी?" सुमित्राबाईने सूप झटकलं. "आता सारं तोंडपाठ हाय मले."