आभाळाच्या रंगाचं रीळ

दस्तगीरचाचा दिवेलागणीनंतर दोरा विकत नसत. दारात लग्नघरची बाई उभी असो, नाहीतर मंगळवार पेठेतला सगळ्यात घाईचा शिंपी असो, सूर्य कलला की चाचांचं उत्तर ठरलेलं. “आता रंग न्हाय दिसायचा. उद्या या.” डोक्यावर बल्ब जळत असायचा. कुणी तो दाखवला तर म्हणत, “त्यो लबाड हाय.”

दिवसासुद्धा दुकानात बसून रंग जुळवणं त्यांना मान्य नव्हतं. एकदा माझ्या बायकोचा ब्लाऊजपीस घेऊन ते भर रस्त्यात, धारेला निघालेल्या म्हशींच्या मध्ये उभे राहिले आणि तीन जांभळ्या रिळांशी तो ताडून बघू लागले. म्हशी बिचाऱ्या वळसा घालून गेल्या. रिळांवर कंपनीचे नंबर असत, पण चाचा ते वाचत नसत. त्यांची नावं निराळी. उतू गेलेल्या दुधाचा, कैरीच्या सालीचा, सासऱ्यानं दिलेल्या फेट्याचा. शिंपी डोळे झाकून तो दोरा घेऊन जात, कारण चाचांचा डोळा चुकत नाही ही पेठेतली खात्रीची गोष्ट होती.

दुकान बंद केल्यावर त्यांचा खरा उद्योग सुरू व्हायचा. चार-पाच रिळं घेऊन ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे आणि एकेक रीळ आभाळाला लावून बघायचे. जुळलं की हातभर दोरा तोडायचा, खिशात घालायचा आणि दुकानामागच्या घरात शिरायचं. “कशाला हो चाचा?” असं विचारलं तर म्हणत, “आभाळ फुकट हाय मास्तर, तुमी बी बघा की.” मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेत होतो. आभाळ बघायला मला कुठला वेळ?

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी चाचा स्वतःच माझ्याकडे आले. हातात सगळी लाल-जांभळी रिळं.

“मास्तर, सूर्य बुडल्यावर परत उजाडतंय व्हय? पैलं सगळं विझतंय. मग जरा येळानं वरच्या अंगाला गुलाबी-जांभळं पेटतंय. माझ्याकडं असलं रीळच न्हाय!”

मी वहीतून मानही वर केली नाही. “चाचा, मावळला म्हणजे मावळला. मोतीबिंदू असेल. डोळे तपासून घ्या.”

हे मी म्हणालो, आणि विज्ञानाच्या मास्तरानं सांगितलंय म्हणून चाचांनी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला म्हणू लागले, “तुमीच निवडा. माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाय.” संध्याकाळचं रस्त्यावर उभं राहणं थांबलं. होळीच्या सुमाराला कानावर आलं की दुकान काढून टाकून ते कुरुंदवाडला मुलाकडे जाणार. मी हळहळलो. आपण वेळेवर सांगितलं याचं समाधानही मानलं, हे कबूल करतो.

मग एका दुपारी शाळेत एक विज्ञानाचं मासिक हाती आलं. त्यात विमानाच्या छताला खिडकी ठेवून तिथून वर लेसर सोडणाऱ्या शास्त्रज्ञांची हकिकत होती. कुठल्याशा दूरच्या ज्वालामुखीची बारीक धूळ आभाळात फार उंच जाऊन पृथ्वीभर पसरली होती. शेवटी लिहिलं होतं, की या धुळीमुळे सूर्यास्तानंतर आकाश पुन्हा गुलाबी-जांभळं होतं. माझे कान तापले. त्या संध्याकाळी शिकवणी सोडून मी रस्त्यावर उभा राहिलो. सगळं विझलं, आणि थोड्या वेळानं खरंच वर पुन्हा पेटलं.

मी तसाच जाऊन चाचांचं दार ठोठावलं.

“चाचा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चूक माझी.”

त्यांनी सगळं दोनदा समजावून घेतलं. “म्हंजी सिनेमाच्या झोतात धूळ दिसती, तसं?”

“तसंच. धुळीवरून थोडा प्रकाश परत येतो, त्यावरून ती किती उंच आहे ते कळतं. पावसाच्या ढगांच्याही वर आहे, म्हणून पावसानं धुतली जात नाही. तिथंच ओझोन नावाचा वायू असतो, त्याला या धुळीनं काय होतं तेही बघतात.”

“येवढ्यासाठी आभाळात ईमान उडवत्यात!” चाचा म्हणाले. मग एकदम माझा हात धरला. “आत चला. हे हिला सांगा. माझ्या तोंडनं नगं, तुमच्या तोंडनं.”

चाची आजारी असतात एवढंच मला ठाऊक होतं. तीन घरं सोडून राहत होतो, पण आत कधी गेलो नव्हतो. अर्धांगानं त्यांची डावी बाजू सात वर्षांपासून लुळी पडलेली. खोलीला खिडकी नाही. मांडीवर एक पांढरी वाकळ होती आणि तिच्यावर उजव्या हातानं घातलेल्या टाक्यांच्या ओळी. रोजच्या संध्याकाळची एक ओळ, त्या त्या दिवसाच्या आभाळाच्या रंगाची. शेवटचा वीतभर भाग कोरा होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. चाचा भिंतीला टेकून उभे होते.

“दुकानाचं काय न्हाय गं,” ते म्हणाले. “पर मला वाटलं, किती दिसांपास्नं तुला खोटंच आभाळ आणून देतोय.”

चाचींनी वाकळीच्या कोऱ्या भागावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “काळा दोरा आणला असतासा तरी मी आभाळ म्हणूनच घातला असता की. न आणल्यालाच कसा घालू?”

चाचा भिंतीपासून हलले. दुकानात जाऊन त्यांनी दोन रिळं आणली, एक गुलाबी, एक जांभळं. दोन्ही दोरे स्वतःच्या मांडीवर वळून एक केले आणि त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्याच झटक्यात सुईत ओवून चाचींच्या हातात दिले.