सामानाच्या दाराचा दिवा

माणूस चुकतो, ही गोष्ट आता सर्वत्र मान्य झाली आहे. वाद राहतो तो फक्त कोणता माणूस चुकला एवढ्यापुरता. तो वाद होऊ नये म्हणून आमची विमान अपघात चौकशी संस्था स्थापन झाली.

आमची संस्था स्वतंत्र आहे. आम्ही विमान कंपन्यांचं ऐकत नाही, खात्याचं ऐकत नाही, विमानतळाचं तर नाहीच नाही. आणि हे स्वातंत्र्य एकतर्फी नाही. तेही आमचं ऐकत नाहीत. आमचं कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट तिसऱ्यापर्यंत येते. तळमजल्यावर गाद्यांचं दुकान आहे, त्याचा आमच्या कामाशी संबंध नाही (पाहुणे मात्र हमखास विचारतात).

आमचं मुख्य तत्त्व असं की चौकशी कारण शोधण्यासाठी करायची, दोष देण्यासाठी नाही. यात मोठं शहाणपण आहे. खरं बोलणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या खेपेला कुणी खरं बोलत नाही आणि तीच चूक दुसऱ्या विमानात बसून पुन्हा येते. म्हणून आमच्या अहवालात माणसं नसतात, फक्त घटना असतात. वैमानिक झोपला, असं आम्ही लिहीत नाही. 'कक्षात विश्रांतीची स्थिती आढळली' असं लिहितो. ही वाक्यं मी घडवतो. मी संस्थेचा भाषा अधिकारी आहे, आणि माझ्या हातून आजवर एकाही माणसाच्या केसाला धक्का लागलेला नाही.

मागच्या वर्षी एका विमानाच्या पोटातलं सामानाचं दार हवेत उघडलं. प्रवासी सुखरूप उतरले, सामान त्यांच्या आधी उतरलं. बटाट्याच्या शेतात एकवीस बॅगा पडल्या आणि एक पायजमा विजेच्या तारेवर (मालक पुढे आला नाही). आमच्या लोकांनी आठ महिने खपून कारण शोधलं. दार नीट लागलं नसेल तर वैमानिकासमोर एक लाल दिवा लागतो. या जातीच्या विमानांत तो उगीचही लागतो. उठसूट लागणाऱ्या दिव्याला वैमानिक कंटाळले होते आणि त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. त्या दिवशी दिवा खरं बोलत होता, पण पट्टीखालून.

आमचे प्रमुख जुने वैमानिक आहेत. (निवृत्त झाल्यापासून ते रेल्वेनेच जातात.) त्यांनी शिफारस लिहिली : 'कंपनीने हा दिवा ताबडतोब दुरुस्त करावा.' मसुदा माझ्याकडे आला. 'कंपनीने' म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं, ते काढलं. 'ताबडतोब'मधून आजवर उशीर झाला असं सूचित होतं, तेही गेलं. 'दुरुस्त' म्हणजे दिवा बिघडलेला होता, हा तर उघड आरोप झाला. शेवटी वाक्य असं उतरलं : 'दिव्याकडे सर्व संबंधितांचे लक्ष वेधण्यात येत आहे.' कंपनीने शिफारस त्याच आठवड्यात स्वीकारली. आमच्या शिफारशींचा हिशेब एकूणच समाधानकारक आहे. स्वीकारलेल्या : सर्व. तत्त्वतः स्वीकारलेल्या : त्याच सर्व. अमलात आलेल्या : माहिती मागवली आहे.

आता, माझ्या ताईची मुलगी याच जातीच्या विमानावर सहवैमानिक आहे. एका रविवारी ती घरी आली आणि चहा घेता घेता तिने अहवाल वाचला.

"मामा, 'दिव्यावर पट्टी अस्तित्वात आल्याचे आढळले' म्हणजे काय? पट्टी आपोआप उगवली?"

"आम्ही कुणाला दोष देत नाही गं."

"नका देऊ. पण का लावली, ते तरी लिहा ना."

"का लावली?"

"दिवा लागला की खाली उतरून दार बघायचं. मग इंजिनियरला बोलवायचं, त्याची सही घ्यायची. तोवर आत लोक डोक्यावर घेतात विमान. रोज कोण शिव्या खाईल? लावतात पट्टी."

मुद्दा रास्त होता. पण प्रवासी हाही माणूसच, आणि तत्त्व सर्वांना सारखं. दुसऱ्या आवृत्तीत मी 'प्रवाशांमध्ये वेळेविषयी आस्था आढळली' असं वाक्य घातलं. भाचीने ते वाचून कपाळाला हात लावला.

त्यानंतर महिन्याभरात तिच्याच विमानात तो दिवा लागला. दारं बंद झाली होती, प्रवासी बसले होते, निघायची वेळ झाली होती. कॅप्टन मनाने चांगला माणूस. त्याने खिशातून पट्टीची गुंडाळी काढली.

"नेहमीचंच आहे, बाळा."

"असेल सर. पण मी बघून येते."

ती खाली उतरली. दाराची मूठ अर्ध्यावर अडकली होती. कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा दारात चिमटला होता. म्हणजे दिवा यावेळीही खरंच बोलत होता. तिने पट्टा सोडवला, दार लावून घेतलं, इंजिनियरची वाट पाहिली, त्याची सही घेतली. विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं आणि पोहोचलं. झालं काहीच नाही.

इथेच पंचाईत झाली. आमची संस्था जे घडतं त्याची चौकशी करते. जे घडलं नाही त्याची फाइल उघडायला आमच्याकडे रकानाच नाही. उशीर मात्र घडला होता, आणि विमान कंपनीत उशिराचा वेगळा विभाग असतो. त्या विभागाला आमच्यासारखी तत्त्वं नाहीत, त्यामुळे तो फार वेगाने काम करतो. आम्हाला कारण शोधायला आठ महिने लागले; त्यांना माणूस शोधायला एक दुपार पुरली. प्रवाशांच्या तक्रारींचा पाऊस पडला होताच. माझ्या भाचीला उड्डाणावरून काढलं आणि 'वेळेचे भान' या प्रशिक्षणाला बसवलं. आता ती पहिल्या बाकावर बसून वही घेऊन घड्याळाचं महत्त्व शिकते. पुन्हा उडायला मिळेल की नाही, ते कुणी सांगत नाही.

ताईचा फोन आला.

"तुझी एवढी मोठी संस्था, आणि पोरीसाठी एक शब्द बोलत नाही?"

"अपघात झालेला नाही ना ताई."

"मग व्हायला हवा होता का?"

मला फार वाईट वाटलं. फोन ठेवून मी तडक प्रमुखांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"ती उतरली नसती," ते म्हणाले, "तर आपण तिच्या पाठीशी उभे राहिलो असतो."

आणि ते अगदी खरं आहे. दार उघडलं असतं, तिने पट्टी लावू दिली असती, तर मी स्वतः तिला अहवालातून असं अलगद बाहेर काढलं असतं की तिच्या आईलाही ती सापडली नसती. तिने दार लावलं. त्यावर माझ्याकडे वाक्य नाही.

एक गोष्ट मात्र मी कामाच्या सवयीने पाहून ठेवली. त्या विमानाच्या प्रवाशांची यादी आणि तक्रारींची यादी शेजारी शेजारी ठेवली. पंखाजवळ, खिडकीच्या जागेवर तुम्ही होतात. ज्या बॅगेचा पट्टा दारात अडकला, ती तुमची. दोन हातांनी नेता येईना म्हणून शेवटच्या क्षणी खाली टाकायला दिली होती. ती मुलगी आत येऊन "दार नीट लागलं नव्हतं, आता लावलंय, उशीर झाला, माफ करा," असं म्हणाली, तेव्हा "हे आधी बघता येत नाही का?" असं मोठ्याने विचारणारे तुम्हीच. मग तुम्ही सुखरूप घरी पोहोचलात, हातपाय धुतले, जेवलात, आणि कॉटवर आडवे होऊन फोनवरून तिला पाचपैकी एक तारा दिला.

तुमचं पुढचं विमान शुक्रवारी आहे. ते वेळेवर सुटेल, मी चौकशी केली आहे. कॅप्टन तोच आहे, गुंडाळी नवी आहे. आणि तुम्ही मनाला अजिबात लावून घेऊ नका. आमची संस्था कुणालाही दोष देत नाही.