लाल खणातली सायकल

श्रीकांतला जे जमतं ते मला डाव्या हाताने जमेल, असं मी बायकोला, वासंतीला, ठणकावून सांगितलं होतं. श्रीकांत म्हणजे आमच्याच बँकेतला, आमच्याच बिल्डिंगमधला आणि माझ्या दुर्दैवाने मराठीच. दोघंही बदलीवर कोलकात्यात आलेलो. दोघंही हावड्यात राहतो आणि एस्प्लनेडच्या ऑफिसात जातो. मी बसला लोंबकळत, घामाने थबथबून पोचतो. हा गृहस्थ घडीच्या सायकलवरून हुगळीचा घाट गाठतो, सायकल मिटवून लाँचमध्ये वारा खातो आणि पलीकडे उतरून पुन्हा पेडल मारत ऑफिसात हजर.

"श्रीकांतभावजींचं पोट बघा जरा," वासंती म्हणायची. मी कशाला बघू? तरी बघितलं. पोट नव्हतंच. मी जळत होतो, उगाच दुसरा शब्द कशाला शोधायचा?

मग मीही घडीची सायकल घेतली, जुनी. तिच्या सांध्याची कडी सैल होती. मिटवली तरी केव्हाही उलगडायची, म्हणून लाँचमध्ये तिला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उभं राहावं लागे. शर्टाला ग्रीस लागायला लागलं, तेव्हा वासंतीने लाल खणाच्या कापडाची खोळ शिवून दिली.

गणेश चतुर्थीच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, "येताना कुमारटुलीतून मूर्ती आणायचीय. विसरणार असाल तर आत्ताच सांगा, भावजींना सांगते."

"त्याचा काय संबंध? बाप्पा आपला आहे. मीच आणणार."

संध्याकाळी ऑफिस सुटलं आणि श्रीकांत शीळ घालत सायकलवर बसला. आज याच्या आधी घाट गाठायचाच, या ईर्ष्येने मी जो सुटलो, तो थेट लाँचमध्ये शिरलो. कुमारटुली डोक्यातून साफ उडाली होती.

धापा टाकत, खोळ छातीशी धरून उभा होतो, तेवढ्यात समोर महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस सुनीतीताई. त्यांनी लाल खण पाहिला आणि हातच जोडले.

"उदयराव, बाप्पा आणलेत? आणि रीतीप्रमाणे चेहरा झाकून! इथे कोण पाळतं हो हल्ली?"

मूर्ती राहिली हे मला त्या क्षणी आठवलं. मी खरं सांगणारच होतो. पण ताई मागून चढलेल्या श्रीकांतकडे वळून म्हणाल्या, "बघा श्रीकांत, शिका काहीतरी. हे देव घेऊन चाललेत आणि तुम्ही सायकल मिरवताय."

श्रीकांतला कुणी माझ्यापेक्षा कमी लेखलेलं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. मी खोळ आणखी घट्ट कवटाळली. अहाहा, काय गोड लागलं ते!

श्रीकांतने खोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती खोळ तो रोज बघत होता. पण चकार शब्द बोलला नाही.

"तोंड तुमच्याकडे आहे ना?" ताईंनी विचारलं.

"हो तर," मी म्हणालो. माझ्याकडे पेडल होतं.

"आणि पायात बूट?" मी बूट काढले. शेजारच्या बंगाली बाईंनी "सोरुन, सोरुन, ठाकुर आछे" म्हणत, देवाला वाट द्या म्हणून गर्दी बाजूला केली. कुणीतरी खोळीला हात लावून नमस्कार केला, तर आत घंटी वाजली.

"घंटासुद्धा घेतलीत!" ताई गहिवरल्या आणि त्यांनी तिथूनच वासंतीला फोन लावला.

उतरताना श्रीकांत कानाशी कुजबुजला, "उदयदा, मूर्ती?"

"सगळी व्यवस्था झालीय," मी ताठ मानेने म्हणालो. तो मान हलवून निघून गेला. ताईंनी मला टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, बसवलं आणि दारापर्यंत सोबत आल्या.

दारात वासंती नऊवारी नेसून, तबक घेऊन उभी. शेजारीपाजारी जमलेले. तिचा चेहरा असा उजळला होता, की लग्नानंतर मी तो प्रथमच पाहत होतो. मग तिची नजर खोळीवर गेली. आपल्या हाताची शिवण बाई ओळखणार नाही का?

पण चारचौघांत करते काय? तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटली, "आत या, मग बघते." पुढे होऊन तिने सायकलला कुंकू लावलं. तेवढ्या धक्क्याने कडी सुटली. हँडल खोळीतून उसळून बाहेर आलं आणि पुढचं चाक सुनीतीताईंच्या जोडलेल्या हातांसमोर गरगर फिरत राहिलं.

वासंतीचे डोळे भरून आले. "उद्या चौरंगावर काय हीच बसवायची?" तिने विचारलं. मी हँडल पुन्हा खोळीत कोंबायला लागलो.

दीड तासाने श्रीकांत अनवाणी दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी, हातात कुमारटुलीतून आणलेली मूर्ती. "वहिनी, उदयदांनीच मला आणायला सांगितलं होतं. मलाच उशीर झाला."

एकदा, निदान एकदा तरी या माणसाने वाईट वागावं! वासंतीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, तेव्हा मी कोपऱ्यात सायकल धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी डोळे मिटून मी मनापासून एकच मागणं मागितलं: देवा, याची इथून बदली कर.

बाप्पा पावला. महिन्याच्या आत श्रीकांतची बदली झाली. बढती मिळून, पुण्याला. माहेरच्या पुण्यासाठी बारा वर्षं झुरणाऱ्या वासंतीने त्याला पेढे दिले आणि माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

कुठे करायची, ते सांगायचं राहूनच गेलं होतं.