साडेपाच फूट हौस

शनिवारी सकाळी दातांचे डॉक्टर मागच्या अंगणात आले, तर त्यांच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवंगार झालेलं. आणि रविवारी मेहुणा सहकुटुंब पोहायला येणार होता.

"दोन वर्षं फोनवर बढाया मारल्यात ना? आता निस्तरा," बायको म्हणाली.

घर घेताना डॉक्टर या साडेपाच फूट खोल तलावावरच भाळले होते. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक रविवार पानं काढण्यात, तळ घासण्यात, औषधं ओतण्यात आणि पंपाची मनधरणी करण्यात जात होता. एवढ्या खर्चात दवाखान्याला नवी खुर्ची आली असती, ती पण पाय लांब करता येणारी.

त्यांनी तलाव साफ करणाऱ्याला फोन लावला.

"काही नाही डॉक्टर, फिल्टर तुंबलाय. त्याची मूठ उलटी फिरवा, पाच मिनिटं घाण बाहेर जाऊ द्या, मग परत सरळ करा. विसरू नका हं, नाहीतर..."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. कुणाचा तरी गाल टम्म सुजला होता. डॉक्टरांनी मूठ उलटी फिरवली आणि "आलोच" म्हणून गेले. पण ती अक्कलदाढ महाहट्टी निघाली. ते परतले तेव्हा दुपार टळून गेली होती आणि फाटकात शेजारचे निवृत्त न्यायाधीश उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात एकच चप्पल.

"डॉक्टर, दुसरी तुमच्या पाण्यात वाहून गेली."

"माझ्या पाण्यात?"

"माझ्या तर नाही! सकाळपर्यंत माझ्याकडे गुलाबाचे वाफे होते. आता तिथे बेडूक आलाय."

डॉक्टर धावत मागे गेले. तलाव तळापर्यंत कोरडा ठणठणीत, आणि पंप नुसताच खोकत होता.

"तेच तर सांगत होतो," पुन्हा फोन लावल्यावर तलाव साफ करणारा म्हणाला, "नाहीतर तलाव रिकामा होतो."

पाण्याचा टँकर मिळाला, पण रविवारी संध्याकाळचा.

रविवारी मेहुणा टॉवेल, फुगवलेल्या ट्यूब, चार पोरं आणि सासूबाईंना घेऊन उतरला. डॉक्टर 'दुरुस्ती' हा शब्द तोंडात घोळवत होते, तोवर पोरं शिडीवरून तळाशी पोचलीसुद्धा. हाकेला कसा आवाज घुमतो ते कळल्यावर तर विचारूच नका. चेंडू आला. सासूबाईंनी सावलीच्या कोपऱ्यात खुर्ची उतरवून घेतली. चपलेची भरपाई मागायला आलेल्या न्यायाधीशांना खोल बाजूला गोलकीपर केलं, आणि त्यांनी स्वतःच्याच बाजूने तीन निकाल दिले.

संध्याकाळी टँकरवाला खांद्यावर पाइप टाकून काठावर आला. "सोडू का?"

खालून सगळे एकदम ओरडले, "नको!" मेहुण्याने डॉक्टरांना कोपऱ्यात ओढलं.

"भावोजी, पाणी नको ना. मला पोहता येत नाही. पोरांना सांगून बसलोय, कॉलेजात चँपियन होतो म्हणून. दोन रात्री झोप नाही मला."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. मला तरी कुठे येतं?"

मग त्यांनी टँकर परत न्यायला सांगितला. टँकरवाल्याला काहीच नवल वाटलं नाही. खिशातून एक चिठ्ठी काढून तो वाकला.

"हा माझ्या भावाचा नंबर. त्याचा मातीचा ट्रक आहे. माझी तलाववाली गिऱ्हाइकं दोन-तीन वर्षांत त्याच्याकडेच जातात."

"एवढ्यात नको, पोरं खेळतायत," डॉक्टर म्हणाले, आणि चिठ्ठी नीट घडी घालून पाकिटात ठेवली.