चातुर्मासातली हळद

एखाद्या मुलखाचं गाणं कसं ऐकावं, यावर मी कोणालाही व्याख्यान देऊ शकतो! ते रेडिओवर सापडत नाही, तबकड्यांच्या दुकानात मिळत नाही. ज्या बाईच्या गळ्यात ते आहे तिच्या ओसरीवर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, थोडं कौतुक करायचं आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं. झालं! त्र्याहत्तर सालच्या भाद्रपदात मी हे सगळं आमच्या संपादकांना ऐकवलं आणि रविवारच्या पुरवणीसाठी लग्नातल्या गाण्यांवर लेख कबूल करून बसलो.

त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या लग्नाचंही घाटत होतं. कामठीच्या मनोहररावांची शामला मी पाहून आलो होतो. ती मला इतकी पसंत होती, की एका बातमीत मी नगराध्यक्षांचं नाव शामला लिहून मोकळा झालो होतो! पण मनोहररावांचा होकार येत नव्हता. ‘पेपरवाल्याले पोरगी द्याची म्हणजे जरा चौकशी करा लागते,’ एवढंच ते म्हणाले होते.

असो. उसना टेपरेकॉर्डर काखेत मारून मी सावनेरची बस धरली. तिथून पुढे एका खेड्यात माझी भागीरथाआत्या राहायची. आसपासच्या एकाही नवरदेवाला तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. तिनं शेजारच्या गोपिकाबाईला आणि आणखी चारपाच जणींना बोलावलं. सगळ्या ऐसपैस बसल्या. मी बटण दाबलं.

“हं आत्या, म्हण.”

“काय म्हणू?”

“हळदीचं गाणं.”

“नवरदेव कोठी हाय?”

“नवरदेव कशाला? नुसतं गाणं म्हण.”

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला बैलाशिवाय बंडी हाकायला सांगितलं होतं!

“कोनाले हळद लागून राहिली, ते डोयापुढं नाही दिसलं तं गाणं निघन कसं, बाबू?”

गोपिकाबाई म्हणाली, “तोंडातच येत नाही वं माय!”

लेख तर द्यायचा होता. आणि हातासरशी लोकसंगीताचा अडलेला गाडा पुढे ढकलावा, असं मला वाटलं.

“मीच बसतो पाटावर!” मी म्हणालो. “बोटभर लावा हळद.”

बायकांच्या शब्दकोशात बोटभर हळद नसते. मला नुसत्या बनियनवर पाटावर बसवून त्यांनी कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत असं सारवलं, की पोळ्याच्या बैलानंही माझ्याकडे बघून मान खाली घातली असती! पण गाणी सुरू झाली आणि काय सांगू, मी सगळं विसरलो. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. फीत फिरत होती, मी डोलत होतो.

तेवढ्यात आत्या थांबली. “आता व्याह्याले शिव्या द्याच्या हायेत. व्याह्याचं नाव सांग.”

“काहीही घे.”

“काहीही कसं? शिवी काय हवेत द्याची? कोनाची पोरगी करून राहिला तू?”

“मनोहरराव,” माझ्या तोंडून निघून गेलं. दुसरं नाव डोक्यात होतंच कुठे!

“मिशा हायेत?”

“आहेत. मोठ्या.”

“जेवते कसा?”

“चांगले जेवतात.”

बास! एवढ्या माहितीवर आमच्या पेपरात अर्धा रकाना होत नाही. आत्यानं जागच्या जागी गाणं उभं केलं:

“मनोहर व्याह्याची मिशी वं बाई, झाडूवानी दाट,
तिनं झाडली आमी वं बाई, गोठ्याची वाट!”

मी हसून हसून पाटावर लोळायच्या बेतात होतो आणि नेमकं समोर पाहिलं. फाटकात खुद्द मनोहरराव! चौकशीला नातेवाइकांच्या घरी न सांगता येतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! मागोमाग शेजारचे नत्थूजी होते. वाटेत त्यांनीच पाहुण्याला कौतुकानं सांगितलं होतं, “त्याच घरी चाला. नवरदेवाले हळद लागून राहिली.”

मनोहररावांच्या त्या झाडूवानी मिशा थरथरत होत्या.

“चातुर्मासात हळद? एवढी कोनती घाई झाली गा तुले? आन् कोनाची पोरगी?”

मी उठायला गेलो. गोपिकाबाईनं खांदे दाबून मला खाली बसवलं. “हळदीच्या पाटावरून मधात उठू नाही!”

“लग्न नाही हो!” मी पाटावरूनच ओरडलो.

“मंग हे काय लावलं अंगाले?”

“गाण्यासाठी लावलं!”

“गाण्यासाठी कोनी हळद लावते?”

आत्यानं मला विचारलं, “कोन हाय हे?”

“मनोहरराव,” मी पुटपुटलो. शामला गेली, असं मला स्वच्छ दिसत होतं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग आत्या आनंदानं ओरडली, “अवं, व्याहीच आला!”

आणि बायकांनी सोळा पोळ्यांचं पुढचं कडवं थेट मनोहररावांच्या तोंडासमोर म्हटलं:

“व्याही बसला जेवाले वं बाई, पोया खाल्ल्या सोया,
वरून आमाले पुसते वं बाई, कधी येते पोया?”

“मी व्याही नाही!” मनोहरराव गरजले. त्यावर एक कडवं झालं. ते पाय आपटून वळले. त्या पायांवर एक झालं. टोपी सावरली, टोपीवर झालं!

नत्थूजींनी त्यांचा दंड धरला. “रागावू नका, पाहुणे. इथं रागावल्यावर गाणं वाढते. गूय घ्या तोंडात, म्हणजे थांबते.”

“आन् गूय घेतला तं?”

“तं नातं जमलं!”

मनोहरराव ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. एकीकडे समोर धरलेली गुळाची वाटी, दुसरीकडे गाणं! मी डोळे मिटून घेतले. पिवळ्या पापण्यांतून काही दिसतही नव्हतं.

तोच मनोहररावांचा आवाज आला. “बाई, एक सांगा. हळद दुसऱ्या पोरीची असती, तं शिव्या मले काहून दिल्या असत्या?”

“तेच तं!” आत्या म्हणाली. “व्याह्याचं नाव पुसलं तं पोट्ट्यानं दुसरं नावच नाही घेतलं. तुमचंच घेतलं. आमी त्याले म्हटलं नव्हतं.”

मनोहररावांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्याकडे, टेपरेकॉर्डरकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे चौकशी झालीच म्हणा लागते,” ते म्हणाले आणि त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. “पण सोया पोया जास्त सांगितल्या गा तू.”

मी इतका मोठा श्वास सोडला, की समोरच्या हळदीच्या वाटीत लाटा उठल्या!

लेख वेळेवर गेला, छापूनही आला. मार्गशीर्षात लग्न झालं. तेव्हा कामठीच्या बायकांनी मांडवात मला समोर बसवून सोळा पोळ्यांची सव्याज परतफेड केली. माझं नाक, माझी नोकरी, माझं चालणं, काही म्हणून सोडलं नाही. ती गाणी आजवर कोणी टिपून ठेवलेली नाहीत. लोकसंगीताचा अभ्यासक म्हणून मला याचं फार समाधान वाटतं!