शिंप्याचा उडता पाय

लेकीनं उडी मारली की शिंप्याचा उजवा पाय आपोआप वर जायचा. दिवसभर मशीनचं पायडल मारून त्या पायाला मुळातच चैन नव्हती. त्यात खिडकीच्या गजाला दोरी बांधून पोरीला उंच उडी शिकवली तीही त्यानंच. घरात तिला टोळ म्हणत. आज टोळाची मोठ्या संघासाठी निवड होती आणि सकाळपासून कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"अहो, पुढं निवडीचे साहेब बसलेत. पाय आवरा," मैदानाकडेच्या बाकावर बायको कुजबुजली.

"माझ्या हातात आहे का ते?"

"मग माझ्या हातात द्या!" तिनं त्याच्याच गळ्यातली मापाची टेप काढून तो पाय बाकाला करकचून बांधला.

टोळ धावली. पाय उठला. पायाबरोबर बाक उठलं, बाकावरची बायको घसरली आणि तिच्या हातातला चहा साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर! तिकडे दांडीही पडली.

"कोण हा माणूस? बाहेर काढा आधी!"

टेप फरफटवत शिंपी फाटकाबाहेर गेला. दुसऱ्या उडीला लेकीनं बाकाकडे पाहिलं. बाबा नव्हते. तीही उडी फुकट गेली. आता एकच उरली आणि ही बया जागची हलेना.

"अगं, धाव की! वेळ संपतोय!" शिकवणारे सर कावले.

"सर, बाबांचा पाय उठला की माझा उठतो. लहानपणापासून तसंच आहे हो!"

सर धावत साहेबांकडे गेले, हातापाया पडले. साहेब सदरा झटकत ओरडले, "बोलवा तो पाय!" सर तिथंच त्यांच्या पायाशी, मैदानाकडं तोंड करून डोकं धरून बसले.

शिंपी आला, पण घाबरून दोन्ही हातांनी गुडघा आवळूनच. बायकोलाही राहवेना. "अहो, सोडा आता!"

"बाबा, सोडा तो पाय!" टोळही मैदानातून ओरडली.

त्यानं सोडला. ती धावली, उडाली, गादीवर पडली. दांडी थरथरली, थरथरली आणि राहिली. त्याच क्षणी सर तोंडावर आपटले.

"पुन्हा तुम्हीच!" सर गवत थुंकत शिंप्यावर धावले.

"माझा इकडं आहे, सर." मागच्या रांगेत पाय अजून वर होता आणि शिंपी ढसाढसा रडत होता.

"निवडली म्हणून लिहा," साहेब घसा खाकरत म्हणाले आणि त्यांनी आपला बूट हळूच खाली टेकवला.