यजमानांची क्षमता : दोन

“तुम्ही सगळे नकाशे काढणारे, मग तुम्हालाच जागा कशी सापडत नाही?”

हा प्रश्न टकळीचा स्वतःचा नव्हता. भिंग आणि चिंगळी या तिच्या दोन मैत्रिणींनी तो शाळेच्या जिन्यावर बसून तयार केला होता. रविवारच्या सभेत तिनं तो विचारला तर आठवडाभर तिचं दप्तर त्या वाहणार, नाही विचारला तर तिनं दोघींची वाहायची, अशी पैज होती. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात तिला ‘गुपचिळी’ म्हणत. मग ती वक्तृत्व स्पर्धेत चुकून उभी राहिली, चुकून दुसरी आली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाची जी टकळी सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. वर्गानं फक्त नाव बदललं.

सभा जेवणाच्या टेबलावर भरे. म्हणजे टेबलावर बाबांचा लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या अकरा चौकोनांत अकरा देशांतली अकरा डोकी. जगभर विखुरलेल्या मराठी बोलणाऱ्या हौशी नकाशाकारांचं हे मंडळ होतं. ही माणसं सुट्टीच्या दिवशी पायी हिंडून गल्लीबोळांचे नकाशे हातानं काढत आणि दर दोन वर्षांनी एका गावी जमून ते एकमेकांना दाखवत. निदान मंडळाच्या घटनेत तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात गेली सहा वर्षं परिषद झालीच नव्हती, कारण ती कुठे घ्यायची हे ठरत नव्हतं. एक ठिकाण अगदी सुरक्षित होतं, पण तिथला व्हिसा अकरांतल्या तिघांनाच मिळत होता. दुसरीकडे सगळ्यांना जाता येत होतं, पण अंधार पडल्यावर परत येण्याची खात्री कुणी देईना. तिसरं सुरक्षितही होतं आणि सोयीचंही, पण तिथे नकाशात काढण्यासारखा एकच रस्ता होता आणि तोही सरळ.

टकळीचे बाबा या सगळ्यावर नेमलेल्या स्थळनिवड समितीचे चिटणीस. समितीच्या या नावामुळे शेजारच्या काकूंनी दोनदा येऊन ‘मामाचं जमलं का?’ असं विचारलं होतं. टकळीला मात्र या स्थळाची खरोखर काळजी होती. ती दहा वर्षांची असताना बाबांनी तिला कबूल केलं होतं, “जागा ठरली की तुला परिषदेला नेणार.” एरवी तिला एकटीला कुठेच पाठवत नसत. दीड तासावर राहणाऱ्या मावशीकडेसुद्धा नाही. ‘सुरक्षित नाही’ हे घरातलं ठरलेलं उत्तर होतं, आणि तेच ठरवणाऱ्या समितीच्या चिटणीसाच्या तोंडी ते फारच वजनदार वाटे. तेव्हा उंबऱ्याबाहेर पडायचं तर परिषद हा एकच रस्ता होता, आणि तो सहा वर्षं बंद होता.

म्हणून तिनं बाबांच्या खांद्यावरून वाकून प्रश्न विचारला. अकरा डोकी एकदम वर झाली.

“ही कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं. बाईंनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि निवृत्त झाल्यावरही कुठलीही गोष्ट किती वजन पेलेल हे आधी बघायची त्यांची सवय गेली नव्हती.

“माझी मुलगी. बाळ, तू आत जा बरं.”

“थांबा हो चिटणीस. प्रश्न चुकीचा नाही. बोल गं, तुला काय वाटतं? का सापडत नाही?”

पैजेत यापुढचं काही ठरलेलं नव्हतं. पण टकळी सुरू झाली होती.

“कारण आपल्या गावाच्या माहितीचा फॉर्म यजमानच भरतात. माझं प्रगतिपुस्तक मलाच भरायला दिलं तर मी काय लिहीन? फॉर्म यजमानांच्या घरातल्या माणसानं भरायला पाहिजे. ज्याला त्यांचं सगळं माहीत आहे त्यानं.”

तीन वेळा आपल्या बंदराची शिफारस केलेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे बंदरवाले म्हणत. ते हळूच म्हणाले, “हे जरा धोक्याचं आहे.”

“म्हणजे उपयोगाचं आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “या वेळचा फॉर्म घरच्यांनी भरायचा. आणि या वेळीही नाही ठरलं, तर मंडळ बरखास्त करू. किती वर्षं एकमेकांची डोकी बघायची? फॉर्म गोळा करायचं काम या मुलीकडे.”

सोमवारी भिंगनं टकळीचं दप्तर उचललं आणि संध्याकाळी बाबांनी नव्या फॉर्मची एक कोरी प्रत छापली. प्रिंटरनं नेहमीप्रमाणे वरच्या दोन ओळी गिळल्या. त्या ओळींत मंडळाचं नाव आणि परिषदेचा उल्लेख होता. उरलेल्या कागदावर ठळक अक्षरांत एवढंच आलं : ‘यजमानांविषयी माहिती. घरातील व्यक्तीने भरावी.’ बाबांनी तो टेबलावर ठेवला आणि प्रिंटरशी भांडायला गेले.

टकळीची आई रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसे. नऊ ते पाच तिचं एकच पालुपद असे : “यजमानांचं नाव? यजमानांचं वय? यजमान बाहेर बसलेत का?” खिडकीपलीकडच्या बायका नवऱ्याला यजमान म्हणत, म्हणून खिडकीअलीकडेही यजमान म्हणजे नवराच, आणि पंधरा वर्षांत त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असल्याचं आईच्या कानावर आलं नव्हतं. शिवाय कोरा फॉर्म दिसला की तिचा हात आपोआप पेनाकडे जाई. एकदा तिनं नव्या पंख्याच्या हमीपत्रावर रक्तगट लिहिला होता. त्यात बाबांच्या ऑफिसची आरोग्य तपासणी जवळ आलेली. हा त्याचाच फॉर्म, असं धरून तिनं चहा घेता घेता एकेक रकाना मनापासून भरला, खाली सही केली, पत्ता लिहिला, आणि शेजारीच ‘भरलेले फॉर्म’ अशी चिठ्ठी लावलेली फाइल होती तिच्यात नीट लावून ठेवला. भरलेला फॉर्म भरलेल्या फॉर्मांत. तिच्या खिडकीवर असंच चाले.

फाइल टकळीची होती. मेलवर आलेले तीन फॉर्म तिनं छापून त्यात ठेवले होते आणि ते वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं, कारण वाचले तर पक्षपात होईल. शनिवारी तिनं फायलीतल्या प्रत्येक कागदाचा न बघता फोटो काढला आणि अध्यक्षबाईंना पाठवून दिला.

रविवारी टकळी बाबांच्या शेजारी खुर्ची घेऊनच बसली. मागे आई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. अध्यक्षबाईंनी वाचायला सुरुवात केली.

बंदरवाल्यांचा फॉर्म त्यांच्या सासूबाईंनी भरला होता. “‘हवा चांगली. पाणी एक दिवसाआड येतं. जावई त्याहून कमी येतात.’”

“त्या जरा थट्टेखोर आहेत,” बंदरवाले म्हणाले आणि त्यांनी आपला कॅमेरा बंद केला.

डोंगरावरच्या ठिकाणाबद्दल यजमानांच्या बहिणीनं लिहिलं होतं, ‘इमारतीत लिफ्ट आहे. इमारतीपर्यंत रस्ता नाही.’ तलावाकाठच्या यजमानांच्या पत्नीनं लिहिलं होतं, ‘मी सध्या माहेरी आहे. परत जाईन की नाही ते नक्की नाही, तेव्हा पुढच्या वर्षीचं आत्ता काही सांगू शकत नाही.’

टकळीची युक्ती फारच चांगली चालली होती. तीन फॉर्म, तिन्ही बाद. परिषद नाही, मंडळ नाही, प्रवास नाही. तिनं टेबलाखाली पायाचं बोट दाबून धरलं.

“आता चौथा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“चौथा?” बाबा म्हणाले. “चौथा कुठला?”

“पत्ता तुमचा आहे चिटणीस. आम्हाला आधी बोलला नाहीत. असो. ‘यजमानांना पूर्वीचा अनुभव आहे का?’ उत्तर : ‘नाही. माझ्या माहितीप्रमाणे हे पहिलंच.’ बघा, किती साधं लिहिलंय. ‘एका वेळी किती सांभाळू शकतात?’ ‘दोन. तिसरं आलं की गोंधळतात.’”

मागे घडी घालणारे हात थांबले.

“दोनच सत्रं ठेवायची एका वेळी,” डोंगरवाले म्हणाले. “मागच्या परिषदेत सात होती. मी माझ्याच भाषणाला पोचलो नव्हतो.”

“‘वय आणि सध्याची स्थिती.’ ‘बावन्न. गुडघे सोडले तर ठीक.’ गुडघे म्हणजे तुळईखालचे तिरके टेकू म्हणायचे असतील. पन्नाशीच्या बांधकामात ते जातातच. ‘आवाजाचा त्रास?’ ‘झोपेत. कुशीवर वळवलं की थांबतो.’”

“जनित्र असेल,” तलाववाले म्हणाले. “आमच्याकडेही होतं एक तसं.”

“‘आणीबाणीत काय करतात?’ ‘आधी चष्मा शोधतात.’ ‘सर्वांना समान वागणूक मिळते का?’ ‘हो. सगळ्यांचे वाढदिवस सारखेच विसरतात.’ ‘पर्यायी व्यवस्था?’ ‘नाही. असल्यास मला ताबडतोब कळवावे.’”

बाबांनी मागे वळून पाहिलं. आईनं बाबांचाच सदरा तोंडावर धरला होता.

“प्रश्न नववा, सगळ्यांत महत्त्वाचा. ‘एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीला यजमानांकडे सुरक्षित वाटेल का?’ उत्तर : ‘वाटेल. मी वीस वर्षं येतेजाते. भांडून गेलेली असले तरी स्टेशनवर न्यायला येतात. अर्धा तास आधी.’ आणि शेवटचा. ‘शिफारस कराल का?’ ‘आता विचारून काय उपयोग. पण पुन्हा विचारलं असतं तरी हो.’”

बाईंनी कागद खाली ठेवला. आजवर आलेल्या साठेक फॉर्मांत आपले दोष लिहून वर हो म्हणणारं ठिकाण एकही नव्हतं.

“अध्यक्षबाई,” बाबा घसा खाकरून म्हणाले, “जरा गैरसमज झालाय. हा फॉर्म गावाबद्दल नाही. माझ्याबद्दल आहे.”

“म्हणजे यजमान तुम्हीच ना?”

“हो. म्हणजे, त्या अर्थानं मीच, पण...”

“झालं तर मग. मुली, फॉर्म तू गोळा केलेस. यातलं काही खोटं आहे का?”

टकळीनं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. सगळं सांगून टाकावं, तर परिषद गेली. खोटं बोलावं, तर युक्तीच फुकट. मग तिच्या लक्षात आलं की खोटं बोलायची गरजच नाही.

“अक्षर न् अक्षर खरं आहे,” ती म्हणाली.

बंदरवाल्यांनीही कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि अकरा हात वर झाले. बारावा हात चष्मा शोधत होता.

सभा संपली आणि बाबांनी लॅपटॉप मिटला.

“कुशीवर वळवलं की थांबतो?” बाबा म्हणाले.

“अहो, मला वाटलं डॉक्टर वाचतील.”

“आणि क्षमता दोन?”

“एका हातात दूध आणि दुसऱ्या हातात किल्ली असली की दार कशानं उघडायचं ते तुम्हाला सुचतं का? सांगा.”

बाबांनी थोडा विचार केला आणि विषय सोडून दिला. मात्र त्या दिवसापासून ते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अधूनमधून पुटपुटत आणि विनाकारण भांडी घासत.

खरी फसगत टकळीची झाली. परिषद भरणार होती तिच्याच शाळेच्या सभागृहात, घरापासून चालत दहा मिनिटांवर. सहा वर्षं ती विमानातली खिडकी मनात धरून बसली होती, आणि आता तिला बाकं पुसावी लागणार होती.

“एवढा जगाला प्रश्न विचारलास,” चिंगळी दप्तर परत देत म्हणाली, “आणि गेलीस कुठे? तर शाळेत.”

“तेही सुट्टीत,” भिंगनं भर घातली.

घरी आल्यावर टकळीनं फाइल उघडली आणि आईचा फॉर्म पहिल्यांदा स्वतः वाचला. एकदा वाचला, मग नवव्या प्रश्नाशी थांबून पुन्हा वाचला. त्यानंतर अर्धा तास तिच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. गेल्या वर्षभरात असं झालं नव्हतं, म्हणून आईनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं.

जेवायला बसल्यावर बाबा नोंदणीची यादी वाचत होते. वाचता वाचता ते अडखळले.

“हे तुझं नाव प्रतिनिधींत कसं? तू तर घरची.”

“मी ठरवलंय,” टकळी म्हणाली. “मी परिषदेला घरातून जाणार नाही. आदल्या दिवशी बाकं पुसून झाली की शाळेतून परस्पर मावशीकडे जाणार, आणि सकाळच्या गाडीनं येणार. सगळे प्रवास करून येतात, मीही येणार. एकटी.”

“एकटी?” आई म्हणाली.

“छे, छे. ते काही सुरक्षि...” बाबांनी सुरुवात केली.

टकळीनं ताटाशेजारी फॉर्म ठेवला आणि नवव्या उत्तरावर बोट टेकवलं. अक्षर आईचं, सही आईची, आणि खाली अध्यक्षबाईंचा मेलवर आलेला शेरा छापून डकवलेला : ‘एकमताने मान्य.’

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे पाहिलं.

“गाडी नऊ चाळीसला येते,” टकळी म्हणाली. “यजमानांनी नऊ दहाला स्टेशनवर यावं.”